लपवलेली दाढ

माझी उजवीकडची वरची दाढ लग्नाआधीच किडलेली होती, आणि ती मी सासरी चोरून नेली. दुसरा शब्द नाही त्याला. केशोरीला, माझ्या माहेरी, मंडळी मला पाहायला आली तेव्हा सासूबाईंनी मला हसायला लावलं. मी बेतानं हसले, पुढचे चार दात दिसतील एवढंच. त्या म्हणाल्या, "पोरीचे दात मोठे साजरे हायेत," आणि लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर आईनं मला चुलीपाशी बसवून बजावलं, "त्या दाढेचं नाव काढजो नोको. खोट असलेली पोट्टी गळ्यात मारली म्हणतील. तुह्या बापाले मान खाली घालावी लागंल."

सासर आमगावजवळच्या खेड्यात. नवरा गोंदियाला रेल्वेत, रविवारी घरी यायचा. घरात सासूबाई, मामाजी म्हणजे माझे सासरे, आणि मी. पहिलं वर्ष दाढेनं दया केली. दुसऱ्या वर्षी धानाची मळणी सुरू झाली आणि तिनं डोकं वर काढलं. मी सासूबाईंच्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगा चोरू लागले. डाव्या बाजूनं जेवायचं, पाणी कोमट करून प्यायचं, पदर गालावरून ओढून घ्यायचा. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, सून भारी मर्यादेची आहे, पदर ढळत नाही. मी मनात म्हणायची, पदर ढळला तर तुमचीच फजिती आहे.

आमच्याकडे सुनेनं सासऱ्यापुढे बोलायचं नाही आणि सासऱ्यानंही सुनेशी थेट बोलायचं नाही. मामाजींना काही सांगायचं असलं की ते गोठ्यातल्या वासराला सांगायचे. "आज बांधीवर जेवण लौकर पाहिजे गा," असं वासराला म्हटलं की मी समजायचं, धानाच्या शेतावर डबा लवकर न्यायचा. रोज पहाटे ते बांधावरून कडुनिंबाची दातवणं तोडून आणायचे, तिघांची तीन, आणि पाण्याच्या रांजणावर ठेवायचे. दात घासून झाले की आम्ही त्या काड्या परसात टाकायचो. सासूबाईंची आणि मामाजींची काडी चावून चावून टोकाला कुंच्यासारखी झालेली असायची. माझी मात्र जशीच्या तशी. चावणार कशी? दात एकमेकांना लागले तरी कानापर्यंत कळ जायची. मी बोटानं राखुंडी फिरवायची आणि काडी फेकून द्यायची.

एका सकाळी मामाजी परसातून आले, वासरापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "एक दातवण रोज कोरंच पडून राहते गा. दात दुखून राहिला त सांगा लागते. कायले लपवा लागते?"

माझ्या हातातला शेणाचा गोळा खाली पडला. आता हे सासूबाईंना सांगणार आणि माझ्या आईबापाचा उद्धार होणार, या धास्तीनं दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. पण चार दिवसांनी त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, की पोराला नवे तांदूळ पोचवायचे आहेत, सूनही येऊ दे, त्याची खोली झाडून देईल.

सकाळच्या गाडीनं आम्ही गोंदियाला गेलो. नवरा ड्युटीवर होता. तांदूळ शेजारच्यांकडे ठेवून मामाजी बाजारात निघाले, मी चार पावलं मागे. एका पाटीवर दातांची कवळी रंगवलेली होती. तिथं ते आत शिरले तेव्हा कुठे मला उमगलं, आणि मी दारातच थबकले. आमच्या भागात सगळे सांगायचे, वरची दाढ काढली की डोळ्याची नजर जाते. एका डोळ्यानं आंधळी झाले तर लपवणार काय? डॉक्टरनं दोनदा बोलावलं. मी दाराची चौकट सोडली नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्याचा दुपट्टा काढला आणि स्वतःच खुर्चीवर बसले. तोंड उघडून वरच्या दाढेला बोट लावलं.

डॉक्टर म्हणाला, "बाबा, ये तो पक्की है. दर्द कहाँ है?"

"निकालो जी. मेरी दाढ़ है ना?"

डॉक्टरनं समजावून पाहिलं. मामाजी हलेनात. शेवटी सुई टोचली, पक्कड लागली. पक्की दाढ ती, सहज कशी निघेल? त्यांच्या हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरलेले मी पाहत होते. निघाली. गालात कापूस कोंबून ते उठले, खिडकीशी गेले आणि भिंतीला सांगू लागले, "समोरच्या घराच्या कवेलूवर दोन कबुतरं हायेत. एक पांढरं हाये. बाई हिरवं लुगडं नेसून चालली." शब्द जड येत होते, पण एकही चुकला नाही.

मग मी बसले. माझी दाढ दोन मिनिटांत हातात आली, आणि इतके महिने जिला भीत होते ती एवढीशी!

संध्याकाळी घरी पोचलो. मी पदर ओढून सरळ आत गेले. मामाजींचा गाल सुजलेला पाहून सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "माही दाढ दुखत होती. काढून आलो." मला वाटलं, सुटले. आईवडिलांची अब्रू राहिली.

पण सासूबाई एकाएकी रडायला लागल्या. "तीस वर्सं झाली तुमच्या घरात येऊन," त्या म्हणाल्या. "तुमची दाढ दुखते अन् मले मालूम नाही? मले सांगावं वाटलं नाही? मी काऊन हावो मंग या घरात?" मामाजी खाली मान घालून ऐकत राहिले.

मला ते सोसवेना. मी बाहेर आले आणि मामाजींच्या समोरच सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, दाढ माही दुखत होती. लग्नाच्या आधीपासून."

सासूबाईंनी माझा पदर बाजूला केला. माझी हनुवटी धरून सुजलेला गाल उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला. आता आईबापाचं नाव निघेल म्हणून मी डोळे मिटून घेतले. त्यांनी गालावरून हात फिरवला. मग त्या मामाजींकडे वळल्या.

"अन् तुमची कायले काढली?"

मामाजींनी इकडेतिकडे पाहिलं. आजूबाजूला वासरूही नव्हतं.

"तिले भेव लागत होता," ते म्हणाले.

सासूबाई डोळे पुसून चुलीपाशी गेल्या आणि त्या संध्याकाळी त्यांनी भात अगदी गुरगुट्या शिजवला, आम्हा दोघांपुरता.