गुहेत जाताना कोण कोण

गुरुवारी आमच्या घरात इतकं हसू सांडतं, की शुक्रवारी भाजी निवडताना मी एकटीच हसत बसते आणि सूनबाई विचारते, "आत्या, बरं आहे ना?" किस्से कणगीतल्या भातासारखे असतात. वाटीभर काढायला जावं, तर पायलीभर अंगावर येतात!

गुरुवार म्हणजे कंपनीची सुट्टी. माझा नातू अमोल चाकणला कामाला आहे. सुट्टीला त्याचे दोन मित्र येतात. दत्ता फोर्कलिफ्ट चालवतो, सचिन क्वालिटीत, म्हणजे तयार माल तपासायला आहे. तिघांनी तिशी ओलांडली, तिघांचीही लग्नं अडलेली. तिघं मिळून कॉम्प्युटरवर एक जुना गेम खेळतात. आधी सहा माणसं निवडायची आणि त्यांना राक्षसांच्या गुहेत धाडायचं. सहा जणांची ती पार्टी. निवड चुकली की सगळे खलास! अक्षरं इंग्रजी असतात, पण चित्रं बघून मला सगळं कळतं.

*

पहिल्या गुरुवारी पोरांनी सहाच्या सहा तलवारवाले घेतले. एकेकाची छाती अशी की दारातून आडवं शिरावं लागेल!

"आता कोण अडवतंय, राव!" दत्ता म्हणाला.

पहिल्याच वळणावर एकाला कोळी चावला. विष चढलं. सहा तलवारी, आणि औषध एकाकडेही नाही!

मी म्हटलं, "अरे, लग्नाला सहा वाढपी नेले आणि आचारीच न्हाई नेला. आता काय वाढता, हवा?"

मग वैद्य घ्यायचं ठरलं. पण मागं उभं राहून मलम कोण लावणार? कोणी तयार होईना. शेवटी ती जागा मला दिली. पांढऱ्या झग्याची बाई, हातात काठी. नाव माझंच ठेवलं, कोंडाबाई!

*

चोरावरून तर मी भांडलेच.

"आजी, पार्टीत एक चोर लागतो."

"माझ्या घरात बसून चोर न्हाई घ्यायचा!"

नाही घेतला. पुढं गुहेत एक पेटी सापडली. दत्तानं उघडली. धडाम! अर्धी पार्टी जळाली. पेटीतला सापळा मोडायची विद्या चोरालाच असते म्हणे.

मी मग म्हटलं, "आमच्या गावात हरभऱ्याची राखण कुणाला द्यायचे, ठाऊक हाय? मागल्या साली जो चोरताना सापडला त्याला. त्याला सगळ्या वाटा म्हाईत!"

"मग घ्यायचा ना चोर?"

"घे. पण माझ्या शेजारी उभा करू नको."

*

जादूगार हे प्रकरण मला पटेना. सकाळी दोन मंत्र म्हणायचे आणि दमून झोपायचं. एक फटका बसला की आडवा!

"हा दिवसभर करतो काय?" मी विचारलं.

सचिन म्हणाला, "आजी, त्याचं काम डोक्याचं आहे. मंत्र योग्य वेळीच वापरायचा असतो."

"बघा आजी," दत्ता म्हणाला, "क्वालिटीवाला क्वालिटीवाल्याचीच बाजू घेणार!"

सचिन रुसला. पोह्यांची बशी अर्धी टाकून खिडकीशी जाऊन बसला. त्याच दुपारी अकरा राक्षसांनी आम्हाला घेरलं. जादूगारानं एक मंत्र सोडला आणि अकराही राख!

दत्ता उठला, सचिनच्या बशीत पोहे वाढले आणि वर लिंबू पिळलं.

*

माणूस निवडताना फासे पडतात. ताकद किती, अक्कल किती, ते आकडे येतात. नाही आवडले तर पुन्हा फासे टाकायची सोय असते. एका गुरुवारी अमोल सकाळी दहाला बसला. ताकद आली की अक्कल कमी. अक्कल आली की ताकद कमी.

"परत." "परत." "अजून एकदा."

भाकरी गार झाली तरी एक माणूस ठरेना!

मी म्हटलं, "अरे, अशानंच तुमची लग्नं राहिली!"

दत्तानं हळूच हात पुढं केला आणि 'ओके' दाबलं.

*

खोटं नाही सांगत. आधी दोन वर्षं अमोलच नाही म्हणाला. मग मुलींनी सुरुवात केली. तीन नकार आले. त्याच्या आईला घास गोड लागेना. अशात दापोडीचं स्थळ आलं. अमोल मुलीशी एकदाच फोनवर बोलला आणि दोन दिवस घरात शीळ घालत फिरला. हे मोडलं असतं, तर पोरगं पुन्हा बघायला तयारच झालं नसतं.

माझ्या लेकानं बघायला न्यायची माणसं काढली. तीन चुलते, एक मेहुणा. मागच्या घरी हेच गेले होते. चौघांनी मिळून इतके प्रश्न विचारले, की मुलगी रडत आत गेली.

"ही पार्टी न्हाई, धाड हाय," मी म्हटलं. "सगळे तलवारवाले! ह्यांना घरी ठेव."

मग लेक, सून, अमोल, मी, दत्ता आणि सचिन असे गेलो.

मुलगी ऋतुजा. एका लॅबमध्ये कामाला. तिच्या वडिलांनी अमोलला विचारलं, "सुट्टीला काय करता?"

'व्यायाम' म्हणायचं असं लेकानं पढवून ठेवलेलं. अमोलनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आजीबरोबर गेम खेळतो."

वडिलांचा कप हवेतच राहिला. सूनबाईनं डोळे मिटले.

ऋतुजानं मान वर केली. "सहा जणांची पार्टी करायची, तो जुना गेम?"

"हो, तोच."

"मग कोणी मेलं, तर तिथंच सोडून नवा घेता, का उचलून आणता?"

"उचलून आणतो," अमोल म्हणाला. "एकदा अर्ध्या गुहेतून परत फिरलो. खांद्यावर घेऊन."

तिनं माझ्याकडं बघितलं. "आजी, खरं का हो?"

"व्हय गं! मलाच आणलंवतं!"

ऋतुजा तोंडावर हात ठेवून हसायला लागली, ती थांबेचना. सूनबाईनं कितीतरी दिवसांनी खुर्चीला पाठ टेकली.

वडील मात्र हसले नाहीत. कप खाली ठेवून ते माझ्या गुडघ्यांकडं बघत होते.

"आजी, कुठं पडला होतात? आता दुखत नाही ना?"

"न्हाई हो," मी म्हटलं. "आता लई बरं वाटतंय."