रोल्लाहून लिहिलेला बर्फ

माझ्या मुलाला घरी यायचं होतं आणि मी लिहिलेली पत्रं त्याला येऊ देत नव्हती. हे मला कळलं तेव्हा सोमवारची सकाळ होती आणि दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो.

लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात, ख्रिस्ती लोकांतला एक पंथ. आईवडिलांनी पुण्यात हा धर्म स्वीकारला तेव्हा मी शाळेत होतो. आमच्यात मुलगा वयात आला की दोन वर्षं घर सोडून धर्मप्रचाराला जातो, चर्च पाठवेल तिथे. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. साडेसहाला उठायचं, वाचन करायचं, मग दिवसभर लोकांच्या दारांवर. चर्चने एक जोडीदार दिलेला असतो, त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. हल्ली आठवड्यातून एकदा, कपडे धुण्याच्या दिवशी, घरी व्हिडिओ कॉल करता येतो. दुबईत असा प्रचार करता येत नाही, म्हणून इथली मुलं बाहेर जातात. माझा मुलगा फिलिपिन्सला गेला होता. आठवा महिना चालू होता.

त्या सोमवारी स्क्रीनवर त्याच्या मागे त्याचा जोडीदार बादलीत शर्ट पिळत होता.

"जेवतोस ना?" बायकोने विचारलं.

"या, मम्मा."

"या या काय करतोस? गालफडं बसलीत तुझी."

एरवी तो यावर काहीतरी चिडवतो. त्या दिवशी नुसता बघत राहिला. ती डबा भरायला आत गेली तसा हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आय वॉन्ट टु कम होम. सकाळी बूट समोर ठेवतो आणि आय जस्ट सिट देअर."

मी तोंड उघडायच्या आत तोच पुढे म्हणाला, "बट यू डिड इट. आजीने दिलेली तुझी लेटर्स मी रोज वाचतो. अठराव्या महिन्यातलं ते एप्रिलमधल्या बर्फाचं... एवढ्या बर्फात तू अख्खी गल्ली केलीस, एकही दार न सोडता. मी तुला कसं लेट डाउन करू?"

मी म्हणालो, "होईल रे ठीक, इन्शाल्ला." आणि गाडीची किल्ली घेऊन खाली उतरलो.

अठराव्या महिन्यात मी शारजात होतो. तिथल्या रोल्ला भागात, मामांच्या खोलीवर.

मला इंग्लंडच्या उत्तरेला एका गावात पाठवलं होतं. नऊ महिने निभावलं. मग एका सकाळी एका दाराशी बेलवर बोट ठेवलं आणि ते दाबता येईना. कुणी हाकललं नव्हतं, कुणी कुत्रं सोडलं नव्हतं. बोटच दाबेना. माझा जोडीदार अमेरिकेतल्या शेतकऱ्याचा मुलगा होता, धिप्पाड. तो म्हणाला, बसू जरा. आम्ही पायरीवर बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. नियम असा की तो मला सोडून एकटा पुढच्या दाराशी जाऊ शकत नव्हता, त्यामुळे अकरा दिवस तो माझ्याबरोबर पायऱ्यांवर बसला. एकदाही वैतागला नाही. मग चर्चच्या मोठ्या माणसांनी मला प्रेमाने जवळ घेतलं आणि घरी जा म्हणून सांगितलं.

घरी मात्र मला जाता आलं नाही. आम्ही धर्म बदलल्यापासून नातेवाईक नावं ठेवायला टपून बसले होते. आईने फोनवर एवढंच म्हटलं, "आत्ता येऊ नकोस बाळा. मामाकडे जा. दोन वर्षं पुरी होऊ देत." तिला वाईट म्हणवत नाही. तिला भावकीत रोज तोंड दाखवायचं होतं.

मामांची रोल्लाला इलेक्ट्रिकच्या सामानाच्या दुकानात नोकरी होती. ते चर्चचे नव्हते. खोलीत त्यांचा गणपती होता. त्यांनी मला काहीही विचारलं नाही. आम्हाला चहा चालत नाही हे कळल्यावर सकाळी माझ्यासाठी वेलची घालून दूध उकळायचे आणि स्वतःचा चहा खाली टपरीवर जाऊन प्यायचे.

मी साडेसहाला उठायचो. पांढरा शर्ट इस्त्री करायचो, टाय बांधायचो. आणि मग जायला कुठे नव्हतं. मामा बघायचे, हसायचे नाहीत. एक दिवस म्हणाले, "भाचेबुवा, तुमच्यात जोडीदाराला नजरेआड करायचं नाही ना? मग यल्ला, चला दुकानात. आता मी तुमचा जोडीदार. तो टाय तेवढा सोडा, गिऱ्हाईक मला मॅनेजर समजायचं सोडून तुम्हाला समजेल." त्या दिवसापासून पंधरा महिने मी त्यांच्याबरोबर वायरीची भेंडोळी मोजून दिली.

आणि दर आठवड्याला आईला इंग्लंडचं पत्र लिहिलं. ती पाकीट फाडून टाकायची, त्यावर शारजाचं तिकीट असायचं. आतलं पत्र नातेवाइकांना वाचून दाखवायची. बर्फाचं पत्र मी दुकानाच्या मागच्या गोदामात लिहिलं, बनियन घामाने चिकटलेलं असताना. चांगलं उतरलं होतं. इतकं चांगलं, की काही वर्षांनी इथेच भेटलेल्या मुलीने लग्नाआधी ते वाचलं आणि तिला वाटलं, हा धीराचा माणूस आहे. मी तिला तसं वाटू दिलं. पुढे मुलांनाही. मामा गेले तेव्हासुद्धा मी कुणाला सांगितलं नाही की मी त्यांचं काय देणं लागतो.

तो आठवडा मला ऑफिसमध्ये एकही ईमेल धड लिहिता आली नाही. रविवारी दुपारी बायकोला म्हटलं, चल, रोल्लाला जाऊ. मामांचं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्याच्यासमोर गाडी उभी करून मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या सासूबाईंना माहीत होतं, फक्त मलाच नव्हतं."

"हो."

"मला राग आलाय. तो मी नंतर काढीन. आधी उद्या त्याला सांग. मी शेजारी बसणार आहे, गाळलंस तर मी बोलेन."

सोमवारी सांगितलं. गाळलं नाही. मुलगा स्क्रीनच्या अगदी जवळ आला.

मग म्हणाला, "सो द स्नो?"

"गोदामात लिहिला. बाहेर चाळीस डिग्री."

"बाबा!" त्याने तोंडावर हात धरला. हसतोय की रडतोय ते मला कळेना. दोन्ही होतं बहुतेक. मागून जोडीदाराने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने मुलाने विचारलं, "तुला घरी यायचं होतं, तेव्हा?"

"रोज."

तीन आठवड्यांनी तो आला. पुण्याला नाही, कुणा मामाकडे नाही, सरळ आमच्याकडे. विमानतळावर मी आमच्या चर्चच्या सभेतल्या लोकांनाही बोलावलं होतं, दोन वर्षं पुरी करून येणाऱ्याला बोलावतात तसंच. चारच जण आले. त्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी काळजीने विचारलं, "एवढ्या लवकर? तुम्ही तर दोन्ही वर्षं पूर्ण केली होतीत ना?"

मुलगा माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "मी नऊ महिन्यांनीच परत आलो. रोल्लाला लपलो होतो."

बाईंनी पुढे होऊन आधी त्याची बॅग घेतली, आणि मग त्यांचा हात माझ्या दंडावर आला.