वाफ्यात लपवलेलं बेणं

इनोयतला एका जागी बसवत नसे. चहाला बसली तरी एक गुडघा उभा, हात जमिनीला टेकलेला, कधीही उठायला तयार. सून मलोहत तिला आया, म्हणजे आई, म्हणे. आया, जरा टेका, पियाल्यातला चहा निवतोय, असं ती सांगायची. इनोयत म्हणे, निवू दे, मला गारच लागतो. गार चहा तिला मुळीच आवडत नव्हता. पण त्या उन्हाळ्यात तिचं सगळं लक्ष फाटकाकडे होतं. फाटक वाजलं की ती उठायची आणि नेहमी ते कोणीतरी मागायलाच आलेलं असायचं.

मागणं असायचं लसणाचं. पडवीत तुतीच्या फांद्यांची एक टोपली होती आणि तिच्यात सुपारीएवढे गोल, एकसंध, एकाच पाकळीचे लसूण भरलेले होते. उझगेन गावाच्या खालच्या वस्तीत इतका एकपाकळी लसूण एका घरात कोणी कधी पाहिला नव्हता. इनोयतसाठी ते बेणं होतं. वस्तीसाठी ते औषध होतं. गोची सगळी तिथेच होती.

इनोयत मूळची वर अक्रोडांच्या रानाकडची. लग्नात आईने रजयांच्या गाठोड्यात लसणाची एक वेणी कोंबून दिली होती. सासूने ती बाहेर काढली, नाकाजवळ नेली आणि विचारलं, तुमच्याकडे अत्तर नसतं का? पुढच्या शरदात इनोयतने त्यातलं बेणं लावलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सासूने पहिल्यांदा पुलावात तो अख्खा गड्डा सोडला. जांभळ्या रेघांचा तो लसूण तांदळाच्या पोटात तासभर राहूनही सुटला नाही. सालं धरून दाबला की आतला मऊ गर लोण्यासारखा बाहेर यायचा. सासऱ्यांनी तो भाकरीवर चोपडून खाल्ला आणि दुसरा मागितला. सासूने पुन्हा अत्तराचं नाव काढलं नाही.

पुढे तिची उमर तंबाखूच्या शेतात गेली. पहाटे पानं खुडायची, दिवसभर सावलीत बसून लांब सुईत ओवायची, माळा मांडवाला टांगायच्या. पानांचा चीक बोटांवर काळा होऊन बसे. हिरवे टोमॅटो चोळल्याशिवाय तो निघत नसे, आणि चोळूनही नखांच्या कडेला राहायचाच. तिच्या टोळीत तिच्याइतकी भरगच्च आणि सरळ माळ कोणाची नसायची. विरळ ओवलेली माळ दिसली तर ती दुसऱ्याचीही उसवायची, मग ती बाई रडो की भांडो. संध्याकाळी घरी आल्यावर लसणाचे वाफे. नवरा ममासोली म्हणायचा की तू झोपेतही खुरपं चालवतेस, माझी कूस सोलून निघते. तो गेला, तंबाखूची टोळी मोडली. मुलगा ओश शहराच्या बाजारात मालाची हातगाडी ओढू लागला आणि आठवड्यातून एकदा घरी येऊ लागला. इनोयतकडे राहिले ते वाफे.

लग्नाच्या पुलावाला लसूण तिच्याकडूनच न्यायचा, अशी वस्तीची रीत पडली होती. मग दोन हिवाळ्यांमागे टांगलेल्या वेण्या हलक्या लागायला लागल्या. गड्डा दाबला की आत भुकटी. जमिनीतच कीड शिरली होती आणि बेण्यातून ती वर्षानुवर्षं वाहत आली होती. एका लग्नाचा आचारी लसूण न्यायला आला. त्याने एक गड्डा उचलला, अंगठ्याने दाबला, जागच्या जागी ठेवला आणि हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. लग्नात बाजारातला पांढरा लसूण गेला आणि कढईत विरघळला. कोणी इनोयतला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

असं झालं की काय करायचं, ते तिला आईकडे पाहून माहीत होतं. कीड जमिनीतल्या गड्ड्यात असते, शेंड्यात नसते. एरवी लसणाचे दांडे कोवळेपणीच मोडून अंड्यांबरोबर परततात. तिने धडधाकट दिसणाऱ्या मोजक्या झाडांचे दांडे तसेच राहू दिले. त्यांना बोंडं आली, बोंडात गव्हाएवढे दाणे. ते दाणे तिने शरदात पाटापलीकडच्या, कधी लसूण न लावलेल्या जमिनीत पेरले. वसंतात वर आलं ते गवतासारखं, आणि खरं गवतही त्याच्यासोबत आलं. ती उकिडवी बसून एकेक पात बोटांत धरून वास घेई आणि मग ठरवी, उपटायची की ठेवायची. गुडघे इतके सुजले की मलोहत तिला काखेत हात घालून उठवायची. आषाढाच्या सुमाराला खणलं तर हे गोल, एकपाकळी लसूण निघाले. हे शरदाच्या थंडीत पुन्हा लावायचे, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पाकळ्यांचे खरे गड्डे. मधल्या काळात टोपली गेली तर माहेरचा लसूण गेला. माहेरी आता तो कोणी लावत नव्हतं, दुसरं बेणं जगात कुठे नव्हतं.

पहिल्यांदा टोपली दिसली ती शेजारच्या तोयचीला. तोयची जन्मभर ट्रक चालवून आता घरी बसलेला, आणि बसल्यापासून रोज कुठे ना कुठे दुखणारा माणूस. कुदळ परत करायला म्हणून आला आणि टोपलीपाशी थबकला. वस्तीतल्या सगळ्यांसारखा तोही इनोयतला ओपा, म्हणजे ताई, म्हणायचा.

"इनोयत-ओपा, हा तर एकपाकळी! मला काही बोलला नाहीत. माझ्या रक्तदाबाला हाच लागतो."

"तुझ्या रक्तदाबाला कमी खायला लागतं."

"ते डॉक्टर सांगतो. तुम्ही द्यायचं बोला."

तिने दिले. न देऊन चालणार नव्हतं. दाराशी औषध मागायला आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही आणि औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत, हे त्या वस्तीत कोणी कोणाला शिकवत नसे. तिच्या स्वतःच्या घरात ममासोलीच्या शेवटच्या आजारात कोणाच्या मधाची बरणी, कोणाच्या बकरीचं दूध, कोणाची अस्वलाची चरबी आली होती. तेव्हा तिने कुठे विचार केला होता की त्यांच्याकडे किती उरलं?

तोयचीच्या जिभेला लगाम नव्हता. आठवड्याभरात रांग लागली. कोणाला दम, कोणाचे सांधे, कोणाच्या नातीचे केस गळून चकंदळ पडलेलं, त्यावर चोळायला. एका बाईला दाढदुखीसाठी मनगटावर बांधायला हवा होता. एकीला काहीच झालेलं नव्हतं, घरात असलेला बरा म्हणून आली होती. प्रत्येक जण म्हणायचा, एखाददुसरा द्या. इनोयत प्रत्येक वेळी टोपलीत हात घालायची, लहानात लहान शोधायची, आणि मागणाऱ्याचं तोंड पाहून हातात मध्यमच यायचा.

तिने टोपली हलवायला सुरुवात केली. पडवीतून रजयांच्या मागे. तिथे दमट वाटलं म्हणून माळ्यावर. माळ्यावर ऊन तापायचं म्हणून पिठाच्या कोठीत. मलोहतला कणीक मळायला पीठ काढताना रोज टोपली उचलावी लागे. मग ती पिठाचे हात जरा जोरात झटकायची. इनोयत दिवसातून कितीदा तरी कोठी उघडून पाहायची. टोपलीचा तळ दिसत नव्हता, पण तुतीच्या फांद्यांची वरची वीण आता मोकळी पडली होती. एकदा तिने एका बाईला सरळ सांगितलं की संपला. बाई म्हणाली, हरकत नाही ओपा, अल्लाची मर्जी, आणि इतक्या साधेपणाने वळली की इनोयत गल्लीच्या टोकापर्यंत तिच्यामागे धावली आणि दोन देऊन आली.

मग तिच्या डोक्यात आलं की बेणं जमिनीत गेलं की कोणी मागू शकत नाही. पेरलेलं कोणी उकरत नाही.

लावणीला अजून वेळ होता. तुतीची पानं पिवळी पडायची होती, माती हाताला गार लागायची होती. साळीचं, भाताचं पीकही अजून उभं होतं. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती, हे तीच लोकांना सांगायची. तरी एका सकाळी तिने पाटापलीकडे वाफा खणला. शेणखत चाळून घातलं, ढेकळं बोटांनी फोडली, दोरी ताणून सरळ ओळी धरल्या आणि अर्ध्याहून जास्त टोपली त्या गरम मातीत दडपून टाकली. माती सुकून कडक होईल म्हणून पाटाचं पाणी दिलं. काम नेहमीसारखं चोख झालं होतं. वेळ तेवढी चुकीची होती.

तोयचीने कुंपणावरून पाहिलं.

"आत्ताच? ओपा, लसूण नवीन वर्षाला काढायचाय का?"

"तुझा ट्रक नाही हा, उशिरा सुटायला."

ती हे बोलली खरी, पण त्या दिवसापासून तिचं फाटकाकडचं लक्ष गेलं आणि वाफ्याकडे लागलं. सकाळी चहाआधी ती तिथे. दुपारी उन्हात पुन्हा तिथे. माती पांढरी पडली की जीव घाबरायचा, मग ती पाणी द्यायची. पाणी दिलं की जास्त झालं वाटायचं. कोंब यायची ही वेळच नव्हती, हे माहीत असूनही ती कोंब शोधायची. उकरून पाहावंसं वाटे, पण मुळं धरली असतील तर तुटतील. हात मातीपर्यंत जायचा आणि मागे यायचा. मागायला कोणी येत नव्हतं, कारण सगळ्यांना कळलं होतं की बेणं लावून झालं. टोपलीत राहिलेलेही तिने पाठोपाठ लावून टाकले. घरात आता एकही उरला नाही.

आणि मग मलोहतने मागितला.

मलोहत या घरात आल्यापासून तिने स्वतःसाठी काही मागितलेलं इनोयतला आठवत नव्हतं. दुपारी ती वाफ्याशी येऊन उभी राहिली, ओले हात पुसत. सांगितलं की वरच्या गावातून, माहेराहून फोन आलाय, वडिलांच्या छातीत कफ बसलाय. डॉक्टर येऊन गेला, गोळ्या चालू आहेत. पण खोकून खोकून झोप नाही, आणि आई म्हणतेय की एकपाकळी लसूण दुधात उकळून द्यायचाय, इनोयतकडे असेल.

"आईला म्हटलं, नाहीये. म्हटलं, लावून टाकला," मलोहत म्हणाली. "तुम्हाला सांगायचं म्हणून सांगितलं, आया. मागत नाही."

"मागत नाहीस तर उभी का आहेस?"

 मलोहतचे हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी ती पुसत होती.

इनोयतने तिच्याकडे पाहिलं. सगळ्या वस्तीला या पोरीच्याच हातून लसूण पाठवले होते. कोठीतून टोपली काढायची, पिठाचे हात धुवायचे, इनोयतने निवडलेले कागदात बांधून फाटकावर द्यायचे. तिच्या बापाची पाळी आली तेव्हा जमीन बंद.

"खुरपं आण," इनोयत म्हणाली.

पहिला लसूण तिने ओळीच्या टोकाचा काढला. खुरपं बाजूने खोल घातलं, म्हणजे पात्याचा घाव लागू नये, आणि ढेकूळ अख्खं उचललं. माती झाडली तर खालचं बूड तपकिरी. अंगठ्याने दाबलं, अंगठा आत गेला. वास लसणाचा नव्हता, सडक्या बटाट्याचा होता. दुसरा काढला. बुडाशी गुलाबी बुरशी. तिसरा चांगला होता, टणक, पण ओला, आणि त्याच्या शेजारचा पुन्हा मऊ.

"आया, काय झालं?"

"शिजवला मी," इनोयत म्हणाली. "गरम मातीत पाणी घालून शिजवला. पुलाव केला सगळ्याचा."

तिने झग्याचा घोळ खोचला, गुडघ्यांवर बसली आणि ओळ धरून काढत सुटली. मलोहत समोरून आली.  हात लावला की कळत होतं. टणक ते उजवीकडे चादरीवर, मऊ ते डावीकडे, आणि ज्याचा अर्धा भाग चांगला तो मधे. इनोयत घाई करत होती आणि स्वतःलाच रागवत होती की घाई करू नकोस, साल फाटेल. कुंपणावर तोयची आला, चादर पाहिली आणि मागे वळला. थोड्या वेळाने न सांगता चुलीतल्या कोरड्या राखेची बादली घेऊन आला. टणक लसूण राखेत घोळून पडवीत पसरायचे, हे त्यालाही माहीत होतं. त्याने बादली ठेवली आणि कंबर धरून निघून गेला, जणू राखेनेच ती मोडली होती.

संध्याकाळपर्यंत वाफा रिकामा झाला. टणक निघाले ते एका पसरट थाळीत मावले. मलोहतने वडिलांसाठी मधल्या ढिगातले उचलले. इनोयतने ते तिच्या हातातून घेऊन ठेवले आणि थाळीतले दोन मोठे दिले.

"एवढे नकोत, आया. हे बेणं आहे."

"घे म्हणते ना. आणि उद्या नेऊन दे, आज उशीर झाला."

मलोहत आत गेल्यावर इनोयत मधल्या ढिगापाशी सुरी घेऊन बसली. प्रत्येकाचा कुजका भाग कापला, चांगला भाग लागेपर्यंत कापला. वास घेतला, शंका आली ते फेकले. उरलेले शुभ्र तुकडे धुवून पुसून बरणीत मधात घातले आणि बरणी फाटकाजवळच्या कोनाड्यात ठेवली. औषधाला तुकडा चालतो. जमिनीला अख्खाच लागतो. हे तिला उन्हाळ्यातच सुचायला हवं होतं, असं ती सुरी धुताना मोठ्याने म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा माणसं यायला लागली. ती कोनाड्याकडे बोट दाखवायची. तोयचीने बरणी उजेडात धरली.

"ओपा, हे तर डागी लसणाचे तुकडे."

"तूही डागीच आहेस. घे किंवा जा."

त्याने दोन चमचे नेले, आणि चार दिवसांनी पुन्हा आला. अख्खा द्या, असं कोणी म्हटलंच तर ती थाळीला हात लावायची नाही. ते बेणं आहे, एवढंच सांगायची. पहिल्या वेळी तिचा आवाज कापला. दुसऱ्या वेळी कमी कापला. मागणारी बाई बरणीतलं घेऊन गेली आणि पुढच्या जुम्म्याला तिने जर्दाळूच्या बिया पाठवल्या, म्हणजे रागावली नव्हती.

मलोहतच्या वडिलांचा खोकला हळूहळू कमी झाला. गोळ्यांनी की दुधाने, ते कोणी विचारलं नाही.

तुतीची पानं गळली तेव्हा इनोयतने माती मुठीत धरून पाहिली. गार होती. तरी ती आणखी दोन दिवस थांबली, आणि ते दोन दिवस तिला सगळ्या उन्हाळ्याहून जड गेले. मग थाळीतले लसूण लावले. एक आखूड ओळ झाली, दुसरी निम्मी. पाणी दिलं नाही. वर साळीचा तूस अंथरला आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून वाळक्या फांद्या ठेवल्या. उठताना गुडघे बोलले, तेव्हा मलोहतने काखेत हात घातला.

संध्याकाळी ती चहाला बसली. पियाला हातात घेतला आणि मलोहतला म्हणाली की तूस पातळ पडलाय, डावीकडच्या टोकाला. मलोहत म्हणाली, आया, तुम्ही आत्ताच दोनदा पाहून आलात. तोयचीच्या घरून आणखी एक पोतं तूस मागून आणायचं का, हे इनोयत विचारत होती तेव्हा ती उठलेलीच होती.