पांडे सरांच्या खिडकीतली बरणी

२०२४ चा फेब्रुवारी, थंडी सरत आलेली. नागपूरच्या आमच्या कॉलेजात मी लॅब अटेंडंट. ज्या लॅबला वास येतो तिथे किस्से साठतात, आणि आमच्या लॅबला त्या वर्षी भरपूर वास होता.

मायक्रोबायोलॉजीच्या ढोबळे मॅडम एप्रिलमध्ये रिटायर होणार होत्या. उजेडावर जगणारे जांभळे जीवाणू कसे सापडले, हे त्या दरवर्षी फळ्यावर शिकवत. जाण्याआधी एकदा ते जीवाणू त्यांना मुलांना प्रत्यक्ष दाखवायचे होते. कृती जुनीच. काचेच्या बरणीत तळ्याचा चिखल, कागदाचे तुकडे, अंडं, वर पाणी. झाकण लावून खिडकीत ठेवायचं.

चिखल मी आणला. अंडं आमच्या देवराव शिपायाने आणलं. उकडलेलं.

"काहून उकडलं गा?"

"कच्चं कोन खाते? मीठ बी आणलं."

मॅडमनी बलक बरणीत टाकला. पांढरं देवरावने खाल्लं.

*

मॅडम वर्गात सांगत होत्या. एका जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, हे जीवाणू उजेडात जमतात आणि अंधाराच्या कडेला पोचले की दचकून मागे फिरतात.

तेवढ्यात लाइट गेली. मागची पोरं ओरडत खिडकीकडे पळाली.

दारातून देवराव म्हणाला, "मॅडम, सापडले जी तुमचे बॅक्टेरिया."

*

केमिस्ट्रीचे पांडे सर मॅडमना डिवचायचे. "उजेडावर जगतात, तर ऑक्सिजन कुठाय?"

"शास्त्रज्ञही कित्येक वर्षं हेच विचारत होते," मॅडम म्हणाल्या. "मग एकाने दाखवलं. झाडं पाणी वापरतात, म्हणून ऑक्सिजन सोडतात. हे पाण्याऐवजी सडक्या अंड्याच्या वासाचा वायू वापरतात. मागे गंधक राहतं."

"म्हणजे वास हाच पुरावा? हा चिखल जांभळा झाला, तर बरणी डोक्यावर घेऊन तुमच्या वर्गात येईन."

मी ऐकलं. चिखल माझा होता.

*

मार्च लागला की आमच्याकडे खिडक्यांत कूलर बसतात. देवरावने लॅबच्या सगळ्या खिडक्या कूलरने बंद केल्या आणि बरणी बेसिनखाली सरकवली. अंधारात.

"तिथं थंड राह्यते जी तिले," तो म्हणाला.

उन्हाची एकच खिडकी मोकळी उरली होती. पांडे सरांच्या खोलीत एसी होता, म्हणून तिथे कूलर नव्हता. मी बरणी त्यांच्या पडद्यामागे ठेवली आणि फक्त मॅडमना सांगितलं.

सर रोज तक्रार करायचे, "मॅडम, तुमच्या बरणीचा वास माझ्या खोलीपर्यंत येतो."

मॅडम म्हणायच्या, "मग ती जिवंत आहे."

*

मॅडमच्या शेवटच्या तासाच्या सकाळी सरांनी पडदा सरकवला. उन्हात बरणी वांग्यासारखी जांभळी दिसत होती.

"ही इथे कोणी ठेवली?"

"मी."

मी हातातल्या फडक्याची चुंबळ करून पुढे धरली.

सरांनी ती डोक्यावर ठेवली, वर बरणी घेतली, आणि जिना उतरून मॅडमच्या वर्गात शिरले.