चपलांची रांग

आमच्या सरकारी दवाखान्याच्या दारात माणसांची नाही, चपलांची रांग लागते. उन्हात कोण उभं राहणार? नंबराला चपला ठेवायच्या आणि लिंबाखाली जाऊन बसायचं. काल बीपीच्या गोळ्यांसाठी मीही तसाच बसलो होतो.

तेवढ्यात दिवस भरलेली एक बाई आली. सिस्टरांनी तिच्या चपला उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवल्या. माझ्या शेजारी एक आजोबा सकाळपासून खोकत होते. ते म्हणाले, "बरोबर आहे, पण आमचा नंबर मागंच जातोय की हो."

"काय करू, आजोबा? डॉक्टर एकच आहेत," सिस्टर म्हणाल्या.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. देशाच्या आरोग्याचं ठरवणारेही शेवटी हेच करत असणार. कुणाच्या तरी चपला पुढे ठेवायच्या, म्हणजे कुणीतरी मागे सरकणारच. हे मला पटतं. पटायला माझं काय जातंय, मी खोकत नाही.

परतताना एका घराच्या ओसरीवर खाटेला खिळलेला माणूस दिसला. पायरीवर त्याच्या चपला होत्या, धूळ बसलेल्या. त्या कुठल्याच रांगेत नव्हत्या.