पंप कुलपात होता

मी जेवून परत आले तेव्हा अंजय्या गॅरेजच्या नळाखाली कपड्यांसकट अंघोळ करत होता. दुपारचा दीड, महिना डिसेंबर. अंगात काळा शर्ट, काळी लुंगी, गळ्यात माळ. आमच्या हैदराबादेत या दिवसांत अशी काळ्या कपड्यांतली माणसं गल्लोगल्ली दिसतात. अय्यप्पा स्वामींची दीक्षा घेतलेला माणूस एक्केचाळीस दिवस अनवाणी राहतो, दारू-मटणाला शिवत नाही आणि दोनदा अंघोळ करतो, उजाडायच्या आधी आणि संध्याकाळी. भर दुपारी करत नाही. केली, तर काहीतरी विटाळ झालाय असं समजायचं.

मला आधी हसू आलं. मग ड्रमकडे नजर गेली.

ड्रमच्या तोंडातून प्लास्टिकची नळी लोंबत होती. तिच्या टोकाला अजून थेंब होता. खाली जेरीकॅन काठोकाठ भरलेला. आणि ड्रममधून इंधन काढायचा हातपंप माझ्या कपाटात होता. कपाटाला कुलूप, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. मी नारायणगुड्याला घरी जाऊन वरण-भात खाऊन आले होते, किल्लीसकट.

मी पेशाने केमिस्ट. सॉल्व्हंट बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलं. रिटायर झाले आणि घरात सगळ्यांच्या मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावत बसले. माझ्या भाचीचा नवरा रोहन मूळ पुण्याचा, इथे आयटीत मॅनेजर. त्याला ड्रॅग रेसिंगचा नाद. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्ता, पाव मैल अंतर, दोन गाड्या आणि दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. मलकपेठला रेसकोर्सच्या मागे त्याने एक शेड भाड्याने घेतली होती. अंजय्या तिथला हेड मेकॅनिक. चाळिशीचा, कमी बोलणारा, हाताला विलक्षण गुण.

"मावशी, पेट्रोलवर इंजिन नॉक करतंय," रोहन एक दिवस घरी येऊन म्हणाला. नॉक म्हणजे इंधन वेळेआधी आणि वेडंवाकडं पेटतं, आतून ठोके बसतात, पुढेमागे पिस्टन फुटतो. "टर्बोचं प्रेशर वाढवलं की लगेच. बाहेरून रेस फ्युएल मागवू का?"

"येईपर्यंत तुमची रेस होऊन जाईल. मिथेनॉल वापरा."

"म्हणजे?"

"ते उडताना उष्णता ओढून घेतं. इंजिन थंड राहतं, मग प्रेशर वाढवता येतं. फक्त पेट्रोलच्या दुप्पट लागतं, आणि हवेतलं पाणी पितं. ड्रम उघडा ठेवलात की माल गेला."

"मग खरेदी तुम्हीच करा."

केली. मिथेनॉल वाण्याकडे मिळत नाही. त्याला परवाना लागतो, फॉर्म भरावे लागतात, आणि त्या प्रत्येक कागदावर ठळक अक्षरांत 'विष' असं छापलेलं असतं. ते कागद मी नीट पंच करून फाइलला लावले. तीन व्यापाऱ्यांचे नमुने तपासले. दोघांच्या मालात पाणी निघालं. तिसऱ्याचा पास झाला, त्याचा सीलबंद ड्रम घेतला. सोबत नवा कोरा हातपंप. हा पंप कुणी पेट्रोलला लावला तर माझ्या मिथेनॉलची शुद्धता गेली, म्हणून तो मी कुलपात ठेवायला लागले. तीस वर्षांची खोड.

ड्रम आला त्या दिवशी मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. पत्र्यावर चमचाभर ओतून मी ते पेटवलं आणि वर कागद धरला. ज्योत दिसलीच नाही, कागद मात्र काळा पडून चुरगळला. सगळे दोन पावलं मागे सरले. मला बरं वाटलं. माणसं घाबरली की सांभाळून वागतात.

"माता, ये है क्या चीज?" अंजय्याने विचारलं. एरवी तो मला मॅडम म्हणे, पण दीक्षेत सगळ्या बायका माता होतात आणि आपण त्याला स्वामी म्हणायचं असतं.

"दारू के खानदान की है, स्वामी."

सगळे हसले. अंजय्या हसला नाही. "हाथ लगाने को चलता?"

"हाथ लगाने को चलता," मी म्हटलं. तोंड लावायचं नाही, हे सांगायचं मला सुचलं नाही. मी त्यांना आगीची भीती घातली होती, तेवढीच.

तर नळाखालच्या त्या अंघोळीकडे मी बघत होते. नळ बंद केला.

"स्वामी, नली मुंह से खेंचे?"

गॅरेजमध्ये पेट्रोल असंच काढतात. नळी टाकायची, तोंडाने ओढायचं, चव लागली की थुंकायचं. वीस वर्षं तो हेच करत आलेला. तीनला टेस्ट रन होता, पंप कुलपात, मी जागेवर नाही. त्याने वेळेत काम केलं होतं.

"थूक दिया माता."

"पूरा?"

"एक घूंट गया अंदर."

"कब?"

"एक बजे."

"फोन कायकू नहीं किए?"

त्याने ओली माळ मुठीत धरली. "माला में हूं माता. दारू गई पेट में. किसकू बोलूं?"

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. त्याला वाटत होतं त्याचं व्रत मोडलं, आणि ते तो घरी, दीक्षा देणाऱ्या गुरुस्वामींना, कुणालाच सांगणार नव्हता. अंघोळ करायची आणि गप्प बसायचं. 'दारू' हा शब्द मी दिला होता.

टेस्ट रनसाठी आलेल्या रोहनने गाडी काढली. वाटेत तो आरशात मागे बघत म्हणाला, "मावशी, तो एकदम नॉर्मल आहे. चक्कर नाही, उलटी नाही. तुम्ही उगाच—"

"नॉर्मल दिसतोय त्याचीच भीती आहे."

त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते. पोटात गेल्यावर मिथेनॉल पहिले काही तास काही करत नाही. शरीर सावकाश त्याचं फॉर्मिक आम्ल करतं, मुंगीच्या दंशात असतं तेच. ते आधी डोळ्यांच्या नसा धरतं. माणूस जेवतो, झोपतो आणि उठून विचारतो की अजून उजाडलं कसं नाही. एक घोट डोळ्यांना पुरतो. जरा मोठा असला तर जिवालाही.

रोहनने पुढचे दोन सिग्नल तोडले.

कॅज्युअल्टीतला डॉक्टर तरुण होता. "पेट्रोल प्यायला का?" त्याने न बघताच हिंदीत विचारलं.

"मिथेनॉल. नव्याण्णव टक्क्यांच्या वर शुद्ध. एक वाजता."

त्याचं पेन थांबलं. शुद्धतेचा आकडा सांगताना आयुष्यात पहिल्यांदा मला लाज वाटली.

चारला रक्ताचा रिपोर्ट आला. आम्ल चढायला लागलं होतं. यावरचं खास इंजेक्शन त्या दिवशी शहरात कुठेच मिळेना. डॉक्टर म्हणाला, दुसरा उपाय जुना आहे पण चालतो. साधी, प्यायची दारू द्यायची. शरीर आधी ती पचवायला घेतं आणि मिथेनॉलला हात लावत नाही. मधल्या वेळात डायलिसिसची तयारी करायची. "बाहर से लाना पडेगा मॅडम. टक्का लेबल पे देख के लाना, हिसाब उसी पे है."

रोहन फॉर्मवर सह्या करत होता. मी गेले. वाइन शॉपच्या जाळीसमोर साठीची बाई चष्मा लावून बाटल्यांची लेबलं वाचतेय म्हटल्यावर गर्दी आपोआप बाजूला झाली.

"अम्मा, पार्टी है क्या?" काउंटरवरच्याने अदबीने विचारलं.

"मरीज है. बिना रंग का दो, और टक्का साफ छपा हुआ."

त्याने मुकाट्याने व्होडकाची बाटली पुढे केली. व्यापाऱ्यांचे नमुने तपासले होते, तसंच मी तिचं सील उजेडात धरून तपासलं.

आणि अंजय्याने तोंड फिरवलं. "नक्को."

"स्वामी, ये दवा है."

"आप ही बोले थे ना, माता. वो भी दारू, ये भी दारू. एक बार गलती से गई. अब जान के नक्को."

डॉक्टर चिडला, रोहनने हात जोडले. काही चालेना. अखेर रोहनने नामपल्लीला त्याच्या गुरुस्वामींना फोन लावला. ते म्हणाले, येतो. स्कूटरवर अर्धा तास. तो अर्धा तास मी त्याच्या कॉटशेजारी पर्समध्ये बाटली घेऊन बसले. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. दर पाच मिनिटांनी मी म्हणायचे, तारीख वाचा. तो वाचायचा. चौथ्यांदा म्हटलं तेव्हा तो गप्प राहिला.

"स्वामी, तारीख."

"दिख नहीं रहा बराबर."

मी उठून त्याच्या तोंडापाशी गेले. त्याच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. मी पदराने पुसलं. त्याने तारीख वाचली.

गुरुस्वामी म्हणजे सरकारी बसमधले रिटायर कंडक्टर, ऐंशीच्या घरातले, तेही काळ्या कपड्यांत. त्यांनी सगळं उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि अंजय्याकडे तिकीट न काढलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं.

"आंखां गए तो अय्यप्पा के मंदिर की अठारा सीढियां कौन चढाता तुमकू? मैं नहीं चढाता. मेरे घुटने दुखते." मग शरणम् म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने त्याची माळ उतरवली, रुमालात बांधली आणि खिशात ठेवली. "अगले साल मैं ही डालता. अब चुप पी."

त्याने नाक दाबून पेला रिकामा केला. पुढचं डॉक्टरांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. मी दाराबाहेर उभी होते, आत जायचा धीर नव्हता. आतून त्याचा आवाज आला, एकेक अक्षर वाचत असलेला. सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत गेला. मी भिंतीला टेकून रडले. तीस वर्षांच्या नोकरीत मी कुणासमोर रडले नव्हते.

आमची गाडी त्या रेसला गेली नाही. रोहनने एका शब्दाने विषय काढला नाही, हे त्याच्याबद्दल नोंदवून ठेवते.

आता पंप ड्रमला साखळीने बांधलेला असतो, किल्ली नाही. इंधन घेताना शुद्धता जरूर बघावी. पण माल कशाने काढणार, कोण काढणार आणि त्याला आपण काय सांगितलंय, हे आधी बघावं. मी फाइलला लावलेल्या कागदांवरचा तो ठळक शब्द आता ड्रमवर आहे, तेलुगूत, उर्दूत आणि हिंदीत, माझ्या हाताने रंगवलेला. मिथेनॉल हे नाव त्याखाली बारीक अक्षरांत.

यंदा अंजय्याने पुन्हा माळ घातली. मागच्या आठवड्यात गॅरेजमध्ये नवा वेल्डर आला. त्याने ड्रमवर थाप मारून विचारलं, यात काय आहे? मी तोंड उघडलं. नॉक, उष्णता, पाणी, सगळं जिभेवर होतं.

"जहर है," अंजय्या गाडीखालून म्हणाला.

मी तोंड मिटलं.