कासान माती

तुकियेम एकोणीस वर्षांची होती आणि चार भाषा बोलत होती, पण त्यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. आईशी जावानीज, शाळेत डच, कालव्यापलीकडच्या जमीरन चाचीशी सारनामी हिंदी आणि बाजारात, फेरीबोटीवर सगळ्यांची मिळून असलेली स्रानान. सुरिनाममधल्या कोमेवैने नदीकाठच्या त्या वस्तीत सगळ्याच मुलांचं असं होतं. कुठली भाषा कधी सुरू झाली आणि कधी बदलली, हे बोलणाऱ्यालाही कळायचं नाही.

तिची आई समिनाह उसाच्या मळ्यावर करारानं काम करायला जावा बेटाहून बोटीनं आलेली. करार संपला, नवरा गेला, तरी ती तिथंच राहिली. भात लावायची, कोंबड्या पाळायची आणि दोन मुलांकडं बघून दिवस काढायची. थोरला कासान दोन वर्षांपासून सुरिनाम नदीच्या वरच्या अंगाला, जंगलात लाकूडतोडीच्या तळावर होता. दर तीन महिन्यांनी घरी यायचा, चार दिवस झोपायचा आणि परत जायचा.

१९६३ सालच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी, दहाच्या सुमारास, एक उंच काळा तरुण बांधावरून चालत त्यांच्या दारात आला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, टोपी हातात. समिनाह ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. तुकियेम आत चुलीपाशी होती.

तो तरुण वाकून म्हणाला, "मिसी, मी ना कासान माती."

हे स्रानान होतं. मी कासानचा दोस्त, एवढंच त्यानं सांगितलं होतं. पण जावानीजमध्ये 'माती' म्हणजे मेलेला. शेवटचे दोनच शब्द ऐकले तर अर्थ एकच निघतो: कासान मेला.

समिनाहला स्रानान अगदीच येत नव्हती असं नाही. पस्तीस वर्षं त्या देशात काढल्यावर बाजारापुरती सगळ्यांनाच येते. दोस्ताला माती म्हणतात हेही ती जाणून होती. पण मुलाचं नाव कानावर पडलं आणि त्यामागून तो शब्द आला, तेव्हा तिचा कान थेट जावाला जाऊन पोचला. शेंगांचं सूप तिच्या मांडीवरून घसरलं. ती ओरडली नाही. तिनं त्या तरुणाकडं वर पाहिलं आणि जावानीजमध्ये म्हणाली, "कोंबडी माती होते. कुत्रं माती होतं. माझा मुलगा काय कुत्रं आहे?"

कारण माणसाबद्दल तो शब्द कुणी वापरत नाही. माणूस 'निंगगाल' होतो, मागं ठेवून जातो. निदान आईच्या तोंडावर तरी तसं म्हणायचं असतं.

तुकियेम बाहेर आली तेव्हा आई सांडलेल्या शेंगांत तशीच बसली होती आणि तो तरुण टोपी चुरगाळत उभा होता. काय झालं, ते तिला एका क्षणात उमगलं. आईच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "माक, तो तसं म्हणाला नाही. तो दोस्त म्हणाला. कासानचा दोस्त आहे तो."

समिनाहचा चेहरा बदलला. तो बदलताना तुकियेमनं पाहिला. ओठ सुटले, डोळ्यांत पाणी आलं, तिला जवळजवळ हसूच आलं. "अगं बाई. दोस्त होय? मग बसव ना त्याला. कॉफी टाक. कासान कसा आहे, विचार."

तुकियेमनं त्या तरुणाकडं पाहिलं. त्याचं नाव लोथार. तो मान खाली घालून हलकेच नकारार्थी हलवत होता. दोन दिवस होडीतून येताना त्यानं काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, हे त्यानं पुढं बऱ्याच वर्षांनी सांगितलं. आधी नाव सांगायचं, मग कासान किती भला माणूस होता ते, मग नदीचं, मग ओंडक्यांचं. नावानंतर त्याची गाडी पुढं सरकलीच नाही.

"सिसा," तिला ताई म्हणत तो पुटपुटला, "मला नाही जमणार. तू सांग."

समिनाह वाट बघत होती. तुकियेमनं तिला जावानीजमध्ये, बरोबर शब्द वापरून सांगितलं, की कासान गेला.

म्हणजे समिनाहला मुलगा दोनदा गमवावा लागला, पाच मिनिटांच्या आत. आणि दुसऱ्यांदा ते सांगणारी तिची स्वतःची मुलगी होती.

तोवर जमीरन चाची कालव्यावरची फळी ओलांडून आली होती. तिला रडण्यावरूनच कळलं होतं. ती मुसलमान, हेही मुसलमान, त्यामुळं तिचा पहिला प्रश्न तोच होता. माटी दिली का, तिनं सारनामीत विचारलं, म्हणजे पुरलं का, कुणी नमाज पढला का. लोथारला त आणि ट सारखेच ऐकू आले. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "होय, माती. मीच." चाची त्याच्याकडं बघतच राहिली.

तुकियेमनं हेही सोडवलं. एकाला एक सांगितलं, दुसरीला दुसरं. मग लोथार तुटक तुटक बोलत गेला आणि ती आईला सांगत गेली: ओंडके दोरांनी बांधून पाण्यात सोडताना कासानचा पाय घसरला, दोन ओंडक्यांच्या मधे गेला. वर काढलं तेव्हा उशीर झाला होता. उकाडा फार, घर दोन दिवसांवर, म्हणून तिथंच काठावर पुरलं. तळावर तीन जावानीज होते, त्यांनी नमाज पढला. लोथारनं खड्डा खणला. ती प्रत्येक वाक्य इकडून उचलून तिकडं ठेवत होती. मधे तिचं असं काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवसाचं जेवण तिनं रांधलं, सातव्याचं रांधलं, चाळिसाव्याचंही. वस्तीतले लोक बसायचे, दुवा म्हणायचे, भात आणि कोंबडीची पुरचुंडी घेऊन जायचे. आलेल्या प्रत्येकाला समिनाह एकच गोष्ट सांगायची: "तो पोरगा काही बोलला नाही हो. मला हिनं सांगितलं." त्यात राग नव्हता. पण तुकियेमकडं न बघता ती ते सांगायची, आणि तुकियेम भात वाढत राहायची. ती रडत नाही, याची बायकांमध्ये कुजबुज झाली. एकीनं तोंडावर म्हटलंसुद्धा, "दगडाची आहेस गं." तुकियेमनं तिला आणखी भात वाढला.

पुढच्या वर्षी ती राजधानीत, पारामारिबोला गेली. तिथल्या एका इस्पितळात चादरी मोजायचं काम मिळालं. वॉर्डात एका म्हाताऱ्या जावानीज बाईला डॉक्टरचं डच कळेना, तेव्हा कुणीतरी कपड्यांच्या खोलीतून तुकियेमला बोलावलं. मग रोजच बोलवायला लागले. तिसऱ्या वर्षी तिला तेच, दुभाष्याचं काम दिलं. वाईट बातमी सांगायची असली की नर्सा तिलाच शोधायच्या, कारण ती हुंदका देत नसे, अडखळत नसे. एक नियम मात्र तिनं स्वतःला घालून घेतला होता. कुणाशीही बोलण्याआधी, घरात कुठली भाषा बोलता, हे ती विचारायची.

तिच्या हातून एकदाच खोटं भाषांतर झालं. शहरातल्या दोन धोबिणी होत्या, वीसेक वर्षं एका घरात राहिलेल्या. त्यातली एक शेवटच्या दुखण्यात पडली. दुसरी भेटीची वेळ संपल्यावर आली आणि दारावरच्या कारकुनाला म्हणाली, ती माझी माती आहे. कारकून शिकलेला, डचमध्ये विचार करणारा. त्यानं वहीत मैत्रीण लिहिलं आणि सांगितलं, नातेवाइकांनाच सोडतो, उद्या या. तुकियेम तिथून चालली होती. शहरातल्या अशा कष्टकरी बायकांमध्ये माती म्हणजे नुसती मैत्रीण नसते, ज्या बाईबरोबर बाई संसार करते तीही माती, हे तिला ठाऊक होतं. कारकुनालाही ठाऊक असावं.

"बहीण आहे," तुकियेम म्हणाली.

"ती तर माती म्हणाली."

"तुमच्या डचमध्ये नीट शब्द नाही त्याला. बहीण लिहा."

त्यानं लिहिलं. ती धोबीण रात्रभर आत बसली. सकाळी तिनं तुकियेमचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. तुकियेमला वाटलं, आता आपल्याला काहीतरी वाटेल. हात गरम होते, एवढंच तिला जाणवलं.

समिनाह म्हातारपणी लेकीकडं शहरात येऊन राहिली. माय-लेकीचं बोलणं जेवणखाणाचं, औषधाचं. लोथार दर ईदला यायचा. त्यानं लाकूडतोड सोडून सुतारकी धरली होती, लग्न केलं होतं, मुलं होती. समिनाहशी तो मोडक्या जावानीजमध्ये बोलायचा, ते शिकायला त्याला अकरा वर्षं लागली. ती त्याचे उच्चार सुधारायची. तिनं लेकीला कधी इतकं जवळ बसवून काही शिकवलं नव्हतं, असं तुकियेमला एकदा भांडी घासताना जाणवलं, आणि मग ते विसरूनही गेलं.

१९८१ मध्ये समिनाह झोपेतच गेली. दफनाहून परतल्यावर लोक पांगले. लोथार तेवढा मागं राहिला. दोघं मागच्या पायरीवर बसले. त्यानं विचारलं, "त्या दिवशी मी तुझ्यावर ढकललं. तू काय विचार करत होतीस गं तेव्हा?"

तुकियेमनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "चुलीवर भात होता," ती म्हणाली. "खाली लागेल, असं वाटत होतं."

"लागला?"

"लागला. तरी आम्ही तोच खाल्ला."

लोथारनं पाय पुढं लांब केले. मग म्हणाला, "मी बुटांचा विचार करत होतो. कासानचे होते. माझे नदीत गेले म्हणून त्याचे घालून आलो होतो. तुझी आई ओळखेल, याची भीती वाटत होती मला."

तुकियेमनं मान हलवली. तिच्या लक्षात आलं नव्हतं. आईच्या आलं होतं की नाही, ते विचारायला आता उशीर झाला होता. अंधार पडायच्या आत त्याला बस गाठायची होती. तो उठला, तिनं उरलेला भात आणि कोंबडी केळीच्या पानात बांधून दिली.

रजा तीन दिवसांची होती. चौथ्या दिवशी ती कामावर गेली. वॉर्डात एक चिनी म्हातारा आला होता. त्याच्या घरचं कुणी पोचलं नव्हतं आणि त्याची भाषा इस्पितळात कुणालाच येत नव्हती, तुकियेमलाही नाही. नर्स म्हणाली, तुम्ही जा, इथं तुमचं काही काम नाही. पण ती खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसली. तो तिच्याशी अधूनमधून काहीतरी बोलत होता. ती ऐकत होती. कुणाला काही सांगायचं नव्हतं. दुपारी त्याचा मुलगा आला, तेव्हा ती उठून पुढच्या खाटेकडं गेली.